कल्पनाताई, रिक्वेस्ट अजून येतायत

कल्पनाताई,

तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कर्जतजवळच्या दहिवलीत आपल्या खोलीत येऊन बसले. आई म्हणाली, "आज तरी नको जाऊ गं." पण घरी बसून मी काय करणार होते? तुझ्या नात्यागोत्यात मी कुठेच बसत नाही. मला सुतक नव्हतं, रजा नव्हती, आणि तुझ्या घरी भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी माझ्याकडे वळत नव्हतं. मी कुलूप काढलं, तुझी खुर्ची भिंतीला लावून ठेवली आणि लॅपटॉप उघडला. लॉग पळत होता. रोजच्यासारखाच. तू गेलीस हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हे तुझ्याशिवाय आणखी कुणी वाचणार असेल तर त्याच्यासाठी सांगते. आपलं काम म्हणजे इंटरनेटवरचं एक पान. माथेरानची काही हॉटेलं आणि कर्जत-खालापूरकडची रिसॉर्टं, फार्महाऊसं दुपारनंतर त्यावर टाकतात, की उद्या धुण्याला इतक्या बाया हव्यात, किचनला इतकी माणसं, बागेला इतकी. डोंगराखालच्या गावांतले आणि वाड्यांतले लोक संध्याकाळी ते बघतात आणि 'येते' किंवा 'येतो' दाबतात. जागा भरल्या की यादी बंद. पान नव्हतं तेव्हा बाया अंधारातच डोंगर चढायच्या आणि वर गेल्यावर "आज काम नाही" ऐकून तशाच खाली यायच्या. तो फुकटचा चढ वाचावा म्हणून तू हे पान केलंस. बाकी त्यात काही मोठं नव्हतं, असं तूच म्हणायचीस.

आणि लॉग म्हणजे, पान कुणीही मागितलं, म्हणजे रिक्वेस्ट आली, की सर्व्हरवर पडणारी एक ओळ. कुठल्या पत्त्यावरून मागितलं, केव्हा, काय मागितलं, कुठल्या जातीच्या फोनवरून. माझं काम त्या ओळी वाचायचं.

पहिल्या दिवशी तू मला त्यासमोर बसवलंस ते आठवतं. मी कॉलेजमधून नुकती बाहेर पडले होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं दाखवायची मला भारी घाई. तू विचारलंस, "काय दिसतं?"

मी म्हटलं, "मॅडम, सगळ्या रिक्वेस्ट एकाच आयपी पत्त्यावरून येतायत. हा हल्ला आहे."

"कुणाचा आयपी हाय तो?"

मी शोधायला लागले. तू चहा संपवलास, कप विसळून आलीस, तरी मी शोधतच होते. शेवटी तूच म्हणालीस, "आपलाच हाय गं. पुढं दरवान म्हणून एक मशीन ठेवलंय, त्याचा. सगळे त्याच्यातनं आत येतात, म्हणून वहीत त्याचंच नाव पडतं. खरा पत्ता तो चिठ्ठीत लिहून आत पाठवतो. चिठ्ठी बघायला पायजे." मी लाजले. मग तू म्हणालीस, "आणि चिठ्ठी पण खोटी असू शकते. बाहेरचा माणूस स्वतःच लिहून आणतो. आपल्या दरवानानं लिहिलेली असेल तेवढीच धरायची. आणि मॅडम नको म्हणू. मॅडम म्हटलं की मला शाळेतली पट्टी आठवते."

तू सगळ्यांशी अशीच बोलायचीस. हाय, नाय, आमी, तुमी. मुंबईच्या माणसाचा फोन आला तरी. मी चौकच्या शाळेत असताना ही बोली तोंडातून काढून टाकायला किती झटले होते! बाईंनी शाबासकी दिली की घरी येऊन आईचं बोलणं सुधारायला बसायचे. आणि इथे तू, एवढी शिकलेली, मुंबईत मोठ्या कंपनीत राहून आलेली, बिनधास्त "काय रं, सर्व्हर पडला काय?" म्हणून ओरडायचीस. मी पुस्तकी बोलायचं सोडलं नाही, ते आता सुटायचंही नाही. पण आईला सुधारायचं सोडलं, ते तुझ्यामुळे. हे तुला कधी सांगितलं नाही.

तू चौकजवळ लोधिवलीला आमच्या घरी आली होतीस, त्या दिवशी आईनं विचारलं, "आमची सुरेखा नक्की करते काय?"

तू म्हणालीस, "दारावर बसते. कोण आला, कुठनं आला, कशाला आला, ते बघते."

आईचा चेहरा पडला. "म्हंजी वॉचमन? येवढं शिकून?"

"वॉचमनच. पण पंख्याखाली."

बाबा टेंपो धुवत होते, ते हसता हसता पाइप हातातून सोडून बसले. नंतर कितीतरी महिने ते मला विचारायचे, "काय वॉचमन, आज कोण आलं होतं?" मी खरंच सांगायचे. कारण तुझ्यामुळे त्या ओळींना माणसांसारखी नावं पडली होती. शोधयंत्राचा एक फेरीवाला रोज यायचा, स्वतःचं नाव सांगायचा, पाटी वाचायचा आणि निघून जायचा. त्याला तू 'जनगणनावाला' म्हणायचीस. पान जागं आहे का हे बघायला आपणच एक रिक्वेस्ट सारखी सोडत होतो, ती 'खोकला'. आणि कुठल्या कुठल्या देशांतून येऊन, आपल्याकडे नसलेल्या दारांच्या कड्या वाजवणारे होते, त्यांना नाव नव्हतं. "त्यांना नाव दिलं की ते जवळचे वाटायला लागतात," म्हणायचीस.

मग मुकादमाची रिक्वेस्ट यायला लागली.

मुकादम कोण ते आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढं कळलं, की हॉटेलनं जागा टाकल्या की डोळ्याची पापणी लवायच्या आत त्या भरतात, आणि दुसऱ्या दिवशी कुठून तरी दूरवरून टेंपो भरून माणसं वर येतात, ज्यांच्या मजुरीतला वाटा कुणीतरी आधीच काढून घेतलेला असतो. कुणीतरी एक प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. तो आपलं पान सारखं मागायचा आणि माणसाचा अंगठा पोचायच्या आत 'येते' दाबायचा. वाड्यांतल्या बायांना रोज एकच दिसत होतं. जागा भरल्या.

तो स्वतःला साधा मोबाईल म्हणवत होता. पत्ताही मोबाईल कंपनीचाच. मी हात टेकले. तू मात्र ओळी वाचत राहिलीस, तांदूळ निवडायला बसल्यासारखी, चष्मा कपाळावर आणि नाक पडद्याला. आणि एका दुपारी म्हणालीस, "सुरे, इकडं ये. हा फोटो मागत नाय."

आपल्या पानाच्या वर हॉटेलवाल्यांनी हट्टानं लावायला सांगितलेला एका बंगल्याचा मोठा फोटो होता. माणूस पान उघडतो तेव्हा त्याचा फोन पान मागतो, मग फोटो मागतो, मग अक्षरांचा रंग मागतो. एकामागून एक ओळी पडतात. ह्या गड्याची एकच ओळ पडायची. यादी. बस्स.

"माणूस घरात शिरला की भिंतीकडं बघतो, कोण बसलंय बघतो," तू म्हणालीस. "हा सरळ फडताळाकडं जातो. घरातला नाय हा."

फोटो न मागणाऱ्याचं 'येते' धरायचं नाही, अशी अट आपण टाकली. दोनच ओळींचा बदल. त्या आठवड्यात वाड्यांतल्या बाया पुन्हा कामाला जायला लागल्या आणि तू खोलीत सगळ्यांना भजी खायला घातलीस. सगळे म्हणजे मी, तू आणि खालचा झेरॉक्सवाला. कुठून आलं हे ओळखता येतं, आणि ते ओळखल्यानं कुणाच्या तरी घरी चूल पेटते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं. कॉलेजात हेच एका प्रश्नाचं उत्तर होतं, पाच गुणांचं.

आपलं भांडण सुरू झालं ते त्यानंतर.

सुट्टीच्या हंगामात पान अडखळायला लागलं. संध्याकाळी रिक्वेस्टींचा असा लोंढा यायचा की हॉटेलवाल्यांनाही जागा टाकता येईनात. मी बघितलं तर त्यातल्या बहुतेक एकाच पत्त्यावरच्या. त्या फोटो मागत होत्या, पण पुन्हा पुन्हा, एकामागोमाग. मी म्हटलं, "मुकादम शिकला. हा पत्ताच बंद करूया."

"कुठनं येतंय ते आधी बघ."

"बघितलं. मुंबई दाखवतोय."

"मुंबई तर समद्यांच्याच नावापुढं दाखवतोय. फोनच्या कंपनीचं हापिस मुंबईत हाय म्हणून. एका दारानं ती हजार माणसं बाहेर काढते, तुला दाराचा नंबर तेवढा दिसतो. चौकला एस्टीतनं उतरलेली समदी माणसं एका घरची काय?"

"मग काय करू? पान पडू देऊ?"

तू लॅपटॉप स्वतःकडे ओढलास. प्रत्येक गावाला आपण जी लिंक पाठवली होती तिच्या शेपटाला त्या त्या गावाची खूण जोडलेली होती. तू ती शेपटं चाळलीस. लोंढ्यातल्या बऱ्याचशा ओळींना एकाच वाडीची खूण होती. चौकच्या वर, माथेरानच्या पायथ्याची वाडी. मोजकी घरं. तिथून एवढ्या रिक्वेस्ट येणं शक्य नाही, म्हणजे मुकादमानं त्या वाडीची लिंक उचलली, असा माझा हिशोब. रविवारी तू स्कूटर काढलीस. "चल, बघून येऊ."

पायथ्याला स्कूटर लावून आपण चढायला लागलो. तुला तेव्हाच धाप लागत होती. करवंदीच्या जाळीजवळ दोनदा बसलीस, आणि मी काही विचारणार तोच म्हणालीस, "वय झालं, बाकी काय नाय." मी ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं.

वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीमागे येते. तिथे बाया जमल्या होत्या. मधे मनी नावाची एक सून, तिच्या हातात फोन, काच तडकलेली. बाकीच्या तिच्याभोवती. आपण जरा लांबच उभे राहिलो.

"लागला काय गं?"

"नाय. गोल फिरतंय."

"मंग परत दाब."

"दाबतेय ना! कवाधरनं दाबतेय. आधी तो बंगल्याचा फोटू येतो. अर्धा येतो नि रेंज जाते. परत दाबला की परत पहिल्यापासनं फोटू."

मागे बारकीबाई म्हणून एक म्हातारी होती, ती वैतागली. "फोटू कशाला दाखवतात मेले? रोज आमीच पुसतो तो बंगला."

तू तिथेच दगडावर बसलीस आणि पोट धरून हसलीस. बायांना आधी कळेना ही कोण वेडी. मग तू सांगितलंस कोण ते, आणि मनीनं फोन तुझ्यापुढे धरून तुला असं झापलं की विचारू नकोस. लोंढा मुकादमाचा नव्हता. आपली लिंक पुढे पाठवत पाठवत आजूबाजूच्या चार वाड्यांत गेली होती, आणि सगळीकडे कुणीतरी टाकीमागे, झाडाखाली, कातळावर उभं राहून दाबत होतं, अर्ध्या फोटोवर अडकत होतं आणि पुन्हा दाबत होतं. मी ज्याला हल्ला म्हणत होते ती ही बोटं होती.

खाली उतरताना तू म्हणालीस, "उद्या फोटो काढून टाक."

मी थांबलेच. "फोटो काढला तर मुकादमाला ओळखायचं कशानं?"

"ठिपका ठेव. एवढुसा ठिपका. तो पण चित्रच. रेंजला जड नाय. माणसाचा फोन तो मागल."

"मुकादमसुद्धा मागायला शिकेल."

"शिकल तवा बघू."

"ताई, हे असं किती दिवस चालणार? आपण खूण ठेवायची, त्यानं शिकायची. त्यापेक्षा एकदाच प्रत्येकाचा नंबर घेऊ, नंबरावर कोड पाठवू. एक माणूस, एक फोन. कोण आहे तेच कळलं की कुठून आलं हे बघावंच लागणार नाही."

तू वाटेत उभी राहिलीस. "त्या टाकीमागं किती बाया होत्या?"

"आठ-दहा."

"आणि फोन?"

"एक," मी म्हटलं. पण पटलं नव्हतं, ताई. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. दार उघडं ठेवायचं तर चोरही येणार, आणि चोर पायानं येणाऱ्यांच्या आधी पोचणार. तुझ्या चांगुलपणाची किंमत त्याच बाया मोजतात, हे माझं म्हणणं होतं. कर्जतला पोचल्यावर तू वडापाव घेतलास आणि अर्धा माझ्या हातात दिलास. तेवढ्यावर भांडण मिटलं असं दोघींनी धरलं, आणि ठिपका लागला.

ठिपक्यानं बरेच महिने काढले. तू आजारी पडलीस त्या सुमारास मुकादमाचा प्रोग्रॅम ठिपकाही मागायला लागला. मी दुसरी खूण ठेवली, ती तो शिकला. तिसरी ठेवली. तू हॉस्पिटलात, मी इथे, आणि मधे तो, ज्याचं तोंड आपण कधी बघितलं नाही. ह्या वर्षाइतकी मी कधीच थकले नव्हते. सकाळी तुझे रिपोर्ट, संध्याकाळी लॉग. दोन्हीकडे ओळी वाचायच्या आणि काहीतरी चांगलं सापडतंय का ते बघायचं.

शेवटचं भांडण तुझ्या खाटेपाशी झालं. मी म्हटलं, "हॉटेलवालेही आता लॉगिनचं म्हणतायत, त्या नंबर आणि कोडाचं. मी आता नाही म्हणू शकत नाही. बहुतेक जागा मुकादमच नेतोय."

"लॉगिन लावलं की मनीच्या वाडीत एक बाई कामाला जाईल. बाकीच्या?"

"आत्ता तिथून एकही जात नाही, ताई!"

तुझ्या हाताला सलाईन होतं, तरी तू हात उचललास. "मग कर तुला काय करायचं ते." आणि भिंतीकडे वळलीस. सिस्टरनं मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर तू त्यातलं काहीच बोलली नाहीस. पेजेत मीठ नाही म्हणालीस, खालच्या झेरॉक्सवाल्याचं लग्न जमलं का विचारलंस. मीही विषय काढला नाही. उद्या काढू, बरी झालीस की काढू. मला तुझं एक वाक्य हवं होतं, लाव किंवा लावू नको. तू रागावून म्हणालीस ते, की माझ्यावर सोपवून म्हणालीस, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही वेळा शब्द तेच असते.

तुझं कार्य झाल्यावर सगळ्या हॉटेलांच्या वतीनं माथेरानच्या एका मॅनेजरांचा फोन आला. चार शब्द तुझ्याबद्दल चांगले बोलले, ते खोटे नव्हते. मग म्हणाले, "सुरेखा, सोमवारपासून लॉगिन पाहिजे. एक नंबर, एक माणूस. नाहीतर आम्ही पान वापरायचं बंद करून सरळ एखाद्या मुकादमाकडूनच माणसं घेऊ. निदान कोण येतंय ते तरी कळेल."

मी लॉगिन लिहायला घेतलं. अवघड नव्हतं, कधीच नव्हतं. अर्धं झाल्यावर आईला फोन केला. आई खालापूरकडच्या एका रिसॉर्टला धुण्याला जाते, आपल्याच पानावरून, हे तुला माहीत आहे. म्हटलं तिचा नंबर आधी घालून ठेवू, तिला तरी अडचण नको.

"माझा फोन कुठं चालतोय?" आई म्हणाली. "मी वंदीच्या फोनवर बघते." वंदी म्हणजे आमची शेजारीण.

"आई, मग वंदीचंच नाव लागेल. तुझं नाही लागणार."

"मंग मी कोण?"

तिनंच पुढं सांगितलं, सहज, भाजी निवडत असल्यासारखं. "आमचं नाव कशाला लागतं? जागा किती ते कळलं की बास. वंदी समद्यांसाठी दाबते, आपल्या गावाला किती मिळाल्या ते बघते, मंग आमी पाळी लावतो. काल गेली ती आज नाय. जिच्या घरी आजारपण हाय ती आधी. त्यावरनं कदी भांडान नाय झालं, तुला सांगते. वाडीवाल्या पण तसंच करतात."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कदी इचारलंस? तू आपली इचारायचीस, आई पान उघडतं काय."

फोन ठेवून मी अर्धं लिहिलेलं लॉगिन पहिल्या ओळीपासून वाचलं. ताई, आपण दोघींनी वर्षानुवर्षं एकच गोष्ट शोधली, ही रिक्वेस्ट कुठून आली. मी त्यात माणूस शोधत होते, तू गाव. तू जास्त बरोबर होतीस. पण जागा आपण दोघीही दाबणाऱ्या बोटालाच देत होतो, जो आधी दाबेल त्याला. म्हणूनच तर मुकादमाचा प्रोग्रॅम जिंकत होता. बायांनी आपसांतली ती शर्यत कधीच सोडून दिली होती. त्यांच्या लेखी जागा गावाची होती, आणि गावात पाळीची.

अर्धं लिहिलेलं लॉगिन मी बाजूला ठेवलं आणि मॅनेजरांना भेटायला माथेरानला गेले. सांगितलं, 'येते'चं बटणच काढून टाकूया. हॉटेलांनी जागा टाकायच्या, संध्याकाळी ठरलेल्या वेळी पानानं त्या गावांना आणि वाड्यांना आळीपाळीनं वाटून दाखवायच्या. ह्या वाडीच्या चार, त्या गावाच्या तीन. कोण येणार ते त्यांचं ते ठरवतील. पान कुणीही बघू दे, कितीही वेळा बघू दे.

मॅनेजर म्हणाले, "आणि मुकादमाची माणसं त्या वाडीचं नाव सांगून आली तर?"

"तुमच्या सुपरवायझरबाई हजेरी घेताना काय विचारतात?"

"कुठल्या गं तुम्ही, असं विचारतात."

"आणि कुणी खोटं सांगितलं तर?"

"बाजूच्या बायाच हसतील." ते स्वतःही किंचित हसले. मग पुन्हा मॅनेजर झाले. "पण एखाद्या वाडीतून कुणी आलंच नाही तर माझी जागा रिकामी. आणि ज्याचं गाव तुमच्या पानावर नाही, त्यानं काय करायचं? मॅडम असत्या तर हा प्रश्न त्यांनीच आधी विचारला असता."

खरं आहे. तूच विचारला असतास. "नवा माणूस कुठनं शिरणार गं?" असं म्हणून माझा सगळा आराखडा उलटा केला असतास, आणि त्यावर आपण आणखी वर्षभर भांडलो असतो. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. गाव वाढवत जाऊ, एवढंच म्हणाले. हंगाम संपेपर्यंत करून बघू, असं ते म्हणाले. ते पूर्ण हो नव्हतं. तरी उतरताना मी तुझ्यासारखी दोनदा बसले, पाय दुखत नसताना.

ताई, मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. तुला ते आवडलंही नसतं; पेढे आणले तरी तू "कशाला गं" म्हणून झेरॉक्सवाल्याला वाटून टाकायचीस. तू मला नोकरी दिलीस हे लोक म्हणतात. तू मला, समोर आलेल्याला चोर म्हणण्याआधी चढून जाऊन बघायला लावलंस, हे मी म्हणते. आणि तुझा रागही आहे मला. धाप लागत होती तेव्हा वय झालं म्हणालीस त्याचा. भिंतीकडे वळलीस त्याचा. हा प्रश्न मला तुझ्याबरोबर सोडवायचा होता, तुझ्या मागे नाही.

सोमवारी पान बदललं. संध्याकाळी मी एकटीच बसले होते. जनगणनावाला येऊन गेला. खोकला चालू होता. मनीच्या वाडीची खूण असलेल्या ओळी आल्या, एकेकदाच. आणि मुकादमाचा प्रोग्रॅम आला. इतक्या वर्षांत मी त्याची चाल ओळखायला लागलेय. यादी मागितली, मिळाली. पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली. दाबायला काही नव्हतं. मी त्याला अडवलं नाही. तो मागत राहिला, आणि बघता बघता मला त्याचाही कंटाळा आला.

तेवढ्यात वंदीच्या फोनवरून आईचा फोन आला.

"सुरे, दिसलं गं पान. आपल्या गावाला दोन हायत."

"मग? जातेस उद्या?"

"नाय. उद्या माझी पाळी नाय, वंदीची हाय नि तिच्या जावेची. घरीच हाय मी उद्या." मग म्हणाली, "तू येतेस काय जेवायला? तुझी ताई गेल्यापासनं त्या खोलीतच पडलेली असतेस, धड जेवली नायस. आज रातच्यालाच ये. सुकटीची चटणी केलीय."

मी हो म्हटलं. पान चालू होतं, लॉग चालू होता. तिथे बसून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. ताई, मी खोलीला कुलूप लावलं आणि चौकला जाणारी गाडी पकडली.